गाठीच्या आत काय आहे?

आपल्या वर्धा जिल्ह्यात गाठ म्हटले की हिंगणघाटच्या कापसाची गाठ आठवते. आज मात्र दुसऱ्याच गाठीचा विचार करू. समजा, तुमच्या धाकट्या भावाच्या मांडीवर लिंबाएवढी गाठ आली. ती दुखत नाही, तापही नाही. कोणी म्हणेल, "चरबीची असेल." कोणी म्हणेल, "मार लागला असेल, शेका." खरे कोण सांगणार?

मुलांच्या अंगावरील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण स्नायू, चरबी यांसारख्या मऊ ऊतींत क्वचित कर्करोगाची गाठही होते. मुलांमधील अशा कर्करोगांत ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा सर्वांत जास्त आढळतो; तरीही तो दुर्मिळच. उलट, बहुधा तीन वर्षांखालील बालकांत होणारी लायपोब्लास्टोमा ही चरबीची गाठ भराभर वाढू शकते, पण ती कर्करोगाची नसते. म्हणजे नुसत्या वाढीवरूनही निवाडा करता येत नाही. येथे भौतिकशास्त्र मदतीला येते.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. हाडातील कॅल्शियम हे किरण पुष्कळ शोषते, म्हणून हाड पांढरे उमटते. स्नायू आणि मऊ गाठ मात्र किरण जवळजवळ सारखेच शोषतात. त्यामुळे साध्या क्ष-किरण चित्रात गाठ स्नायूत मिसळून जाते.

म्हणून पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीची असते. आपल्याला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. येथे १ कोटी कंपनांचा ध्वनी वापरता येतो. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. भागाकार करून पाहा, तरंगलांबी ०.१५४ मिलिमीटर येते! इतक्या आखूड लहरींमुळे बारीक भागही वेगळे दिसतात. पाण्याने भरलेल्या गाठीच्या आतून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून ती काळी दिसते. भरीव गाठीतून प्रतिध्वनी येतात. स्थानकातून धडधडत जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा स्वर ज्या डॉप्लर परिणामाने बदलतो, त्यानेच गाठीतील रक्तप्रवाहही कळतो.

गाठ भरीव आणि खोल असेल तर एमआरआय करतात. त्यातील १.५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट असते. त्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख कंपनांच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. गंमत अशी की, चरबीतील हायड्रोजनची कंपने पाण्यातल्यापेक्षा सुमारे २२० ने कमी असतात. एवढ्याशा फरकाच्या आधारे यंत्र फक्त चरबीचा संदेश दाबू शकते. चमकणारी गाठ तेव्हा काळवंडली, तर तिच्यात चरबी आहे हे समजते. गाठ कोणत्या स्नायूत आहे, रक्तवाहिनीला किती चिकटली आहे, हेही दिसते.

मग निदान झाले का? नाही. निरनिराळ्या भरीव गाठी एमआरआयमध्ये सारख्याच दिसू शकतात. कापसाचा व्यापारी गाठीतून चिमूटभर रुई ओढून तंतू पारखतो, तसे डॉक्टर सुईने गाठीचा बारीक तुकडा काढतात. हीच बायॉप्सी. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींत डेस्मिन आणि मायोजेनिन ही स्नायूंची प्रथिने आढळली, तर ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाचा पुरावा भक्कम होतो. क्रम मात्र पाळायचा: आधी चित्र, मग सुई. आधीच चिरा दिला, तर सूज आणि रक्त यांमुळे पुढचे चित्र गढूळ होते.

या कामाला बालरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ असे तिघेही लागतात. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. सावंगी मेघे येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा गावात तर्क लढवत बसू नये.

गाठ वाढत असेल, खोल असेल किंवा काही आठवड्यांत जात नसेल, तर ती चोळू नका, शेकू नका, डॉक्टरांना दाखवा. रोग एकाच जागी असताना उपचार सुरू झाले, तर मूल बरे होण्याची आशा पुष्कळ असते. न दुखणे हा निर्धोकपणाचा दाखला नव्हे, एवढे घरी नक्की सांगा.