ॲल्युमिनियमवर झिंक-निकेल: इथे लोखंडाची सवय चालत नाही

लोखंडी बोल्ट आणि ब्रॅकेटवर हयात गेलेल्या प्लेटिंगवाल्याकडे कुणी ॲल्युमिनियमचं हाउसिंग घेऊन आलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘टाकी तीच, रेक्टिफायर तोच, मग अडचण काय?’ टाकी तीच असते, हे खरं. पण ॲल्युमिनियमवरचं प्लेटिंग टिकणार की पोपडे निघणार, हे जॉब त्या टाकीपर्यंत पोचण्याआधीच ठरलेलं असतं. या कामातले बहुतेक गैरसमज लोखंडावर जे चालतं तेच इथे चालवायला गेल्यामुळे होतात.

सगळ्यात रुजलेला समज म्हणजे तेल काढलं, ॲसिडमधून बुडवून काढलं, की जॉब तयार. लोखंडाच्या बाबतीत हे जवळपास खरं आहे. पिकलिंगमध्ये गंज जातो आणि धुऊन टाकीत टाकेपर्यंत पृष्ठभाग पुरेसा उघडा राहतो. ॲल्युमिनियमला हवा लागली की क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा थर येतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, डोळ्याला दिसत नाही, पण तेवढ्याने काम बिघडतं. गंमत अशी की या थरावरही करंट जातो, झिंक चढतं, जॉब चकचकीत दिसतो. पॅकिंगही होतं. मग ग्राहकाकडे बोल्ट आवळताना टोपीखालचा थर सोलून येतो.

म्हणून मधे झिंकेट लागतं. कॉस्टिकमध्ये झिंक ऑक्साइड विरघळवून केलेलं हे द्रावण. याला ना वायर, ना रेक्टिफायर. कॉस्टिक ऑक्साइड खातं, उघडं पडलेलं ॲल्युमिनियम थोडं विरघळतं आणि त्याच्या जागी द्रावणातलं जस्त बसतं. ऑक्साइडला परत यायला जागाच उरत नाही.

इथे अनुभवी माणूसही एका गोष्टीवर हरकत घेतो. चांगल्या रीतीत पहिलं झिंकेट झालं की जॉब नायट्रिकमध्ये घालून ते सगळं उतरवतात आणि दुसऱ्यांदा झिंकेट करतात. ‘चढवलेलं उतरवायचं, मग चढवलं कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण पहिला थर जाडाभरडा बसतो. मिश्रधातूतल्या तांब्या-लोखंडाच्या कणांभोवती एक तऱ्हा, बाकी ठिकाणी दुसरी. तो उतरला की खालचा पृष्ठभाग एकसारखा झालेला असतो आणि दुसरं झिंकेट बारीक, पातळ, सलग बसतं. दुसऱ्या बुडवणीला अर्धा-एक मिनिट पुरतं. ‘जास्त ठेवलं तर जास्त धरेल’ हा त्यातलाच पोटगैरसमज. जाड झिंकेट स्पंजासारखं भुसभुशीत होतं आणि वरचं सगळं घेऊन सुटतं. बाहेर काढलेला जॉब सगळीकडे सारखा निळसर राखाडी दिसला पाहिजे. चट्टे दिसले तर पुढे जाऊ नये, परत नायट्रिकमध्ये घालावा.

‘ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम’ हेही तसंच. ६०६१ ची मशीन केलेली पट्टी आणि एलएम६ किंवा एडीसी१२ चं कास्टिंग एकाच लाइनीतून काढायचा मोह होतो, कारण दोन्ही पांढरीच दिसतात. एलएम६ मध्ये १० ते १३ टक्के सिलिकॉन असतं. कॉस्टिकमध्ये इच केल्यावर ॲल्युमिनियम विरघळतं, सिलिकॉन विरघळत नाही, आणि जॉब काळी भुकटी घेऊन वर येतो. पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा, फडकं काजळी लागल्यासारखं होतं. कारखान्यात याला स्मट म्हणतात. तांब्याचं स्मट साध्या नायट्रिकमध्ये जातं, सिलिकॉनचं जात नाही. त्यासाठी नायट्रिकमध्ये अमोनियम बायफ्लोराइड घालावं लागतं. त्या टाकीत हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. ते कातडीवर पडलं तर सौम्य द्रावणाने लगेच आग होत नाही, पण ते आत शिरून हाडापर्यंत इजा करतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल, तर अशी टाकी लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कास्टिंगची आणखी एक खोड म्हणजे छिद्रं. त्यांत शिरलेलं ॲसिड-कॉस्टिक धुण्याने निघत नाही. ते दोन-चार दिवसांनी फोडाच्या किंवा पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने बाहेर येतं, आणि दोष मात्र प्लेटिंगवाल्यावर येतो.

आता मुख्य टाकी. अनेकांना वाटतं, झिंकेट म्हणजे जस्तच, वर झिंक-निकेल म्हणजेही बहुतांश जस्त, मग थेट चढवायला हरकत काय? हरकत द्रावणाची आहे. अल्कधर्मी झिंक-निकेलच्या टाकीत लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर कॉस्टिक असतं, आणि ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये फसफसून विरघळतं. जॉब करंटशिवाय त्यात काही क्षण जरी राहिला आणि झिंकेटला कुठे भोक असलं, की खालून धातू खाल्ला जाऊ लागतो. आम्लधर्मी टाकी घ्यावी तर ती पातळ झिंकेटलाच विरघळवायला बघते. त्यामुळे दोन वाटा उरतात. एक, करंट चालू ठेवूनच जॉब टाकीत उतरवायचा. दुसरी, झिंकेटवर आधी निकेलचं अस्तर चढवायचं, बहुधा विनाविद्युत निकेलचं. दुसरी वाट महाग, पण गुंतागुंतीच्या आकारांसाठी तीच भरवशाची. खोल खाचेत करंट कमी पोचतो. कडांवर जाड आणि खाचेत पातळ अशी तक्रार लोखंडावरही असते, पण तिथे खाच उघडी राहिली तर टाकी लोखंडाला खात नाही.

करंट वाढवला की काम लवकर उरकतं, हे अर्धसत्य आहे. फॅराडेच्या नियमाने एका ॲम्पियर-तासाला जास्तीत जास्त १.२२ ग्रॅम जस्त चढतं. म्हणजे चौरस डेसिमीटरला २ ॲम्पियर दिले आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही, तर तासाला ३४ मायक्रॉन. अल्कधर्मी झिंक-निकेलमध्ये करंटचा मोठा वाटा हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यातच जातो. ॲम्पियर वाढवत नेले तर कडा जळतात आणि निकेलचं प्रमाणही हलतं. ते साधारण १२ ते १५ टक्क्यांत राहिलं, तरच मिश्रधातूची गंजाला पुरून उरणारी रचना मिळते.

‘झिंक स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, तसंच ॲल्युमिनियमला वाचवेल’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पाठ्यपुस्तकातला तक्ता उलटंच सांगतो. त्यात ॲल्युमिनियम उणे १.६६ व्होल्ट आणि जस्त उणे ०.७६, म्हणजे ॲल्युमिनियमच आधी झिजायला हवं. प्रत्यक्षात ऑक्साइडमुळे ॲल्युमिनियम शांत असतं, आणि खाऱ्या पाण्यात बहुतेक मिश्रधातूंच्या तुलनेत जस्तच आधी जातं. म्हणजे वाचवतं, पण स्वतः भराभर संपतं. निकेल मिसळल्यावर थराचं विभव ॲल्युमिनियमच्या जवळ सरकतं, ओढाताण कमी होते आणि थर जास्त टिकतो. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं हाउसिंग जिथे भेटतात, तिथे झिंक-निकेलला मागणी आहे ती यामुळे.

मग ॲनोडायझिंगच का करू नये? बऱ्याच ठिकाणी तेच करावं. ते स्वस्त पडतं, टणक असतं, आणि तिथे बाहेरून काही चिकटवलेलंच नसल्यामुळे पोपड्याचा प्रश्न येत नाही. पण ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. विमानातल्या किंवा लष्करी उपकरणातल्या कनेक्टरचं ॲल्युमिनियम कवच उपकरणाच्या सांगाड्याशी विद्युतदृष्ट्या जोडलेलं राहावं लागतं. तिथे पूर्वापार कॅडमियम असायचं. ते विषारी, म्हणून पर्याय शोधले गेले. अमेरिकेच्या ३८९९९ मालिकेच्या लष्करी कनेक्टर मानकात काळ्या झिंक-निकेलला ‘झेड’ असा स्वतंत्र वर्गच आहे.

त्या वर्गाला खाऱ्या फवाऱ्याची ५०० तासांची चाचणी लागते, आणि इथे खरेदी खात्याचा आवडता हिशेब सुरू होतो: ५०० तास म्हणजे कोकणात किती वर्षं? असं गणित नाही. चाचणीत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाचं पाणी सतत फवारतात. रत्नागिरीत ऊन असतं, पावसाळ्यात पाऊस मीठ धुऊनही नेतो, जॉब ओला होतो आणि वाळतो. तासांचा आकडा दोन लॉटची तुलना करायला आणि बिघडलेली टाकी पकडायला चांगला, आयुष्य सांगायला नाही.

लॉट बिघडला की लोखंडाचा जॉब हायड्रोक्लोरिकमध्ये टाकून थर उतरवतात. ॲल्युमिनियम त्यात टाकलं तर थराबरोबर जॉबही जातो. इथे तीव्र नायट्रिक वापरतात. ते जस्त आणि निकेल खातं, ॲल्युमिनियमला फारसं हात लावत नाही. धूर मात्र तपकिरी आणि घातक, त्यामुळे धूर ओढणारा पंखा चालू हवा.

जाडी मोजतानाही तीच गफलत होते. लोखंडावर वापरायचं चुंबकीय गेज ॲल्युमिनियमवर टेकवलं तर दिसणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो, कारण खाली चुंबकाला दाद देणारा धातूच नाही. क्ष-किरण यंत्र जाडी आणि निकेलची टक्केवारी दोन्ही सांगतं. मात्र खाली निकेलचं अस्तर आहे हे यंत्र चालवणाऱ्याला आधी सांगायला हवं. नाहीतर अस्तरातलं निकेल वरच्या थराच्या खात्यात जमा होतं आणि रिपोर्टवर १४ टक्क्यांऐवजी भलताच आकडा येतो. शंका राहिली तर एक जॉब कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजावा.