मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हां मुंबईहून पश्चिमेस निघालेल्या विमानाच्या भेटीस लंडन आपण होऊनच येत असेल, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा तर्क असतो. तर्क चतुर खरा. परंतु अनुभव याच्या उलट आहे. लंडनला जावयास जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळ परत येण्यास लागतो. असें कां व्हावें, हें पाहूं.

प्रथम अंतराचा विचार करूं. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर पट्टीनें रेघ ओढली, तर ती बगदादजवळून जाते. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो बराच उत्तरेस, तिब्लिसी नगराजवळून जातो. हा दोऱ्याचा मार्गच खरा जवळचा होय.

आतां वेळेकडे वळूं. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत वर उडविलेलें लिंबू परत आपल्याच हातीं पडतें, मागें राहत नाहीं. तद्वत् पृथ्वीबरोबर तिच्यावरील वातावरणही फिरत असल्यामुळें विमानास त्या फिरण्याचा आयता लाभ मिळत नाहीं. लाभ किंवा हानि होते ती वाऱ्यामुळें. सुमारें दहा किलोमीटर उंचीवर, या मार्गाच्या बऱ्याच भागांत, बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान् वारे वाहतात.

समजा, निवांत हवेंत विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर आहे. तर प्रवासास ८ तास लागतील. समोरून ताशीं १०० किलोमीटरचा वारा असल्यास वेग ८०० होऊन ९ तास लागतील. परततांना तोच वारा पाठीशीं असल्यास वेग १,००० होऊन ७ तास १२ मिनिटें पुरतील. जाण्यायेण्याची बेरीज १६ तासांऐवजीं १६ तास १२ मिनिटें झाली! वारा घेतो तितकें परत देत नाहीं. कारण विरुद्ध वाऱ्याशीं झगडण्यांतच विमानाचा अधिक काळ जातो. प्रत्यक्षांत चढणें, उतरणें व वळसे यांमुळें आणखी वेळ लागतो.

ता. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघालेलें एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें होतें. आज तोच प्रवास न थांबतां सुमारें दहा तासांत होतो.

ज्यांचीं मुलें शिक्षणासाठीं विलायतेस जातात, त्या पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वेळापत्रकांतील प्रत्येक वेळ त्या त्या गांवची असते. सकाळीं ७ वाजतां सुटलेलें विमान तेथें ११।। वाजतां पोंचेल, असें वाचून प्रवास साडेचार तासांचा समजूं नये. हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें, उन्हाळ्यांत साडेचार. म्हणून हिवाळ्यांतील हा प्रवास दहा तासांचा ठरतो. दोन्ही वेळा आधीं एकाच घड्याळावर आणाव्या व मग वजाबाकी करावी. म्हणजे घरच्या माणसांस मुलाच्या खुशालीच्या निरोपाची वाट पाहतांना व्यर्थ काळजी पडणार नाहीं.