गोळी पोटाची, नाव मनाचे

बँकेतील नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मार्चअखेरीचे हिशेब जवळ आले की माझ्या पोटात मुरडा येऊ लागे. कधी दिवसातून चार-पाच वेळा शौचास जावे लागे, तर कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नसे. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सारे अहवाल निर्दोष आले. पोटविकारतज्ज्ञांनी ‘आयबीएस’, म्हणजे आतड्यांची अतिसंवेदनशीलता, असे निदान केले. पथ्य आणि इसबगोल यांनी पुरेसा गुण येईना, तेव्हा त्यांनी अमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी रात्री घेण्यास सांगितले.

औषधासोबतच्या कागदावर ‘नैराश्यावरील औषध’ हे शब्द वाचले आणि ती पट्टी मी कपाटाच्या खणात ठेवून दिली. घरात कन्येच्या विवाहाची बोलणी चालू होती. पाहुण्यांच्या दृष्टीस ती पडली तर ते काय समजतील, हीच धास्ती! चार महिने मी दुखणे सोसले. औषधाचे नाव मात्र सोसवले नाही.

पुढील भेटीत हे कबूल केले, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. आतड्यांच्या भित्तिकांत मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांतच निर्माण होते. या विकारात मेंदू आणि आतडी यांमधील संदेशवहन बिघडते व वायूचा साधा ताणही वेदना म्हणून जाणवतो. अल्प मात्रेतील हे औषध ती वेदना सौम्य करते आणि आतड्यांची गती किंचित मंदावते. नैराश्यासाठी याची मात्रा सामान्यतः कितीतरी अधिक असते.

इंग्लंडमधील ५५ दवाखान्यांतील ४६३ रुग्णांवर ‘अटलांटिस’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १० ते ३० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन घेणाऱ्यांना सहा महिन्यांनंतर, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा पोटाच्या तक्रारींत अधिक आराम पडला. चिंता व नैराश्य यांच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे गुण आला तो पोटाला!

तरीही ही गोळी मनाने घेण्याची नव्हे. तोंडाला कोरड, गुंगी, बद्धकोष्ठ हे त्रास संभवतात. काचबिंदू, हृदयविकार, प्रोस्टेटची तक्रार असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. गोळी एकाएकी बंदही करू नये. चौविहार पाळणाऱ्यांनी ती सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे अवश्य विचारावे. शौचातून रक्त, घटते वजन, पंडुरोग, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी.

खात्याचे शीर्षक पाहून आतील रकमेचा निर्णय करू नये, हे मी आयुष्यभर कनिष्ठ सहकाऱ्यांना शिकवले. स्वतःच्या बाबतीत मात्र विसरलो. आज ती पट्टी जेवणाच्या टेबलावर, रक्तदाबाच्या गोळीशेजारी, उघडी असते. कोणी विचारलेच, तर पोटाची गोळी म्हणून सांगतो, आणि तिचे पूर्ण नावही सांगतो.