वस्तीतल्या मुलांचे वाद्यवृंद

धर्मादाय संस्थेच्या सभेत मुलांच्या संगीतवर्गाचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. ज्या घरी संध्याकाळची चूल पेटण्याची पंचाईत, त्या घरच्या मुलाच्या हाती व्हायोलिन देऊन काय साधणार? त्यापेक्षा त्याची फी भरा, वह्या-पुस्तके द्या. प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारे सभासद अरसिक असतात असेही नाही. या प्रश्नाचा मोठ्या प्रमाणावर अनुभव घेतला गेला तो दूर दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएला देशात. तेथील हकीकत सभासदबंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

होझे अंतोनियो आब्रेऊ (1939–2018) हे गृहस्थ अर्थशास्त्राचे जाणकार आणि पेशाने संगीतज्ञही. 1975 साली काराकास या राजधानीच्या शहरी त्यांनी तरुणांच्या वाद्यवृंदाची पहिली तालीम ठेवली. स्वरलिपीचे कागद ठेवावयाचे पन्नास स्टँड मांडले, आणि आली अकरा मुले! वर्ग गुंडाळावा की वाढवावा, हा विचार त्याच रात्री करावा लागला, असे ते पुढे सांगत. त्यांनी वाढवला. ही चळवळ जगभर ‘एल सिस्तेमा’ या नावाने ओळखली जाते.

काराकासभोवतीच्या डोंगरउतारांवर विटा-पत्र्यांची दाट वस्ती आहे. तेथे टोळ्यांची भांडणे बंदुकीने मिटतात. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून परत येईपर्यंतचे तीन-चार तास मुलास सर्वांत धोक्याचे. टोळीवाल्यांनाही निरोप पोचविण्यास असा रिकामा पोर हवाच असतो. आब्रेऊंच्या केंद्रांनी नेमके हेच तास उचलले. आठवड्यातून एक तास नव्हे, तर शाळेनंतर जवळजवळ रोज. वाद्य केंद्राचे, फी नाही. शिकवणे प्रथमपासून समूहात, आणि ज्यास चार सूर अधिक येतात त्याने शेजारच्यास दाखवावयाचे. बारा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलाचा हात धरून गज कसा ओढावा ते सांगतो. त्या लहानग्यास वस्तीत दुसरा एखादा ‘दादा’ शोधण्याची गरज मग कमी भासते. मला या पद्धतीचे मर्म येथेच आहे असे वाटते. स्वरज्ञान त्यामागून येते.

अगदी लहान मुलांस प्रथम कागदाच्या लगद्याचे किंवा पुठ्ठ्याचे व्हायोलिन देतात. ते वाजत नाही. पण धरावे कसे, उभे कसे राहावे, खाली ठेवताना जपावे कसे, हे त्यावर शिकता येते, आणि ते तयार करावयास आईबापही येऊन बसतात. खरे वाद्य मिळते तेव्हा त्याची किंमत घरातल्या सर्वांस कळलेली असते. बार्किसिमेतो या गावी बहिऱ्या मुलांचा ‘शुभ्र हातां’चा गायकवृंदही निघाला. ही मुले पांढरे हातमोजे घालून हातांनी गाणे ‘म्हणतात’. त्याच गावी 1981 मध्ये जन्मलेला गुस्ताव्हो दुदामेल हा या शाळेतून वर येऊन जगप्रसिद्ध संगीतसंचालक झाला.

परंतु एका दुदामेलवरून संस्थेचा ताळेबंद मांडता येत नाही. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या साह्याने एक पाहणी झाली. सोळा केंद्रांत अर्ज केलेल्या 6 ते 14 वयाच्या 2914 मुलांपैकी काहींस चिठ्ठ्या टाकाव्या त्या रीतीने 2012 मध्ये, तर उरलेल्यांस वर्षभराने प्रवेश दिला आणि दोन्ही गटांची तुलना केली. संगीत शिकणाऱ्या मुलांचा स्वतःवरील ताबा वाढला, वर्तनातील अडचणी कमी झाल्या. कमी शिकलेल्या मातांच्या मुलांत, आणि हिंसाचार जवळून पाहिलेल्या मुलग्यांत हा फरक अधिक स्पष्ट होता. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र सरसकट फरक आढळला नाही. तेव्हा संगीताने गणितात गुण वाढतात, असे देणगीदारांस सांगण्याच्या भरीस कोणी पडू नये.

त्याच पाहणीतील दुसरा आकडा आम्हांस अधिक बोचणारा आहे. प्रवेश मागणाऱ्या मुलांत गरीब घरची सुमारे 17 टक्के होती. त्या-त्या प्रांतांत हे प्रमाण सुमारे 47 टक्के. म्हणजे दार सताड उघडे ठेवले तरी सर्वांत गरजू मूल आपण होऊन आत येत नाही. त्यास धाकटे भावंड सांभाळावयाचे असते, आईला नावनोंदणीची तारीख ठाऊक नसते. मुलांना आणावयास वस्तीत जावे लागते, आणि पाठच्या भावंडासही वर्गात बसू द्यावे लागते.

इतरही आक्षेप आहेत. अभ्यासक जेफ्री बेकर यांनी 2014 मध्ये पुस्तक लिहून तेथील एकतंत्री कारभारावर आणि सरकारच्या आधीन होण्यावर टीका केली. 2021 मध्ये एका माजी विद्यार्थिनीने शिक्षकाकडून झालेल्या लैंगिक छळाची वाच्यता जाहीरपणे केली. गुरूवर मुलाची श्रद्धा जितकी गाढ, तितकी देखरेख अधिक हवी. खोलीचे दार उघडे असावे आणि दुसरे वडीलधारे माणूस हजर असावे, ही साधी व्यवस्था वर्गाच्या पहिल्या दिवसापासून हवी. संगीत हे काही चिलखत नव्हे, हेही तेथे दिसले. 2017 च्या मे महिन्यात काराकासच्या निदर्शनांत याच चळवळीत वाढलेला आर्मांदो कान्यिसालेस हा कोवळा व्हायोलावादक मारला गेला. पुढे देशाची घडी विस्कटून सत्तर लाखांहून अधिक लोक परदेशी गेले, त्यांत कित्येक शिक्षकही होते.

हे सर्व परकीय वाटत असेल, तर आपल्याजवळचे मैहर आठवावे. 1918 च्या साथीने पोरकी झालेली मुले उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. खाँसाहेब स्वतः बालपणी घर सोडून कलकत्त्यास पळालेले, अन्नछत्रावर दिवस काढलेले. त्यांचा संताप प्रसिद्ध होता, आणि तो आजच्या वर्गात चालणार नाही. पण लिहितावाचता न येणाऱ्या त्या मुलांस त्यांनी चिजा तोंडपाठ करविल्या, आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे ‘नलतरंग’ हे वाद्य बनविले. मैहरचा वाद्यवृंद पुढेही चालू राहिला, आणि त्या नळ्यांवर सूर काढणारी माणसे त्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेली.