औशाच्या नजरेतून दादरची इमारत

औसा तालुक्यातला माणूस घर बघायला गेला की आधी भिंत बघतो, पण ती जाड आहे म्हणून खूश होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात माणसं मारली ती जाड भिंतींनीच. दोन-अडीच फूट रुंदीचं दगडमातीचं बांधकाम आणि वर वर्षानुवर्षं माती चढून जड झालेलं माळवद. खणाच्या घरांतले लाकडी खांब-तुळया कितीतरी ठिकाणी उभ्याच राहिल्या. ढासळल्या त्या भिंती. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंपविभागात होता. २००२ च्या मानकाने तो तिसऱ्यात घातला. मुंबईही तिसऱ्यातच होती.

म्हणून आमच्याकडचं कुणी दादरमध्ये १९५०-६० च्या दरम्यानच्या सहकारी सोसायटीत जुना फ्लॅट घ्यायचं म्हणालं, की मोझॅकच्या लाद्या आणि वारा खेळणाऱ्या खोल्या बघून मी भुलत नाही. (वारा मात्र खरोखर खेळतो. नव्या टॉवरांत तेवढंच नसतं.) भूकंपाचा विचार करून इमारत कशी बेतावी, याचं भारतीय मानक पहिल्यांदा निघालं १९६२ साली. त्याआधीच्या इमारतीकडून ती अपेक्षाच चुकीची. तळमजल्यावर दुकानं असतील तर जागा वाढवायला मधली भिंत काढली का, पोटमाळा कशावर टेकवला, हे आधी विचारावं.

काँक्रीटचं दुखणं गिलाव्याआड असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, काँक्रीटचा अल्कधर्म कमी होतो आणि सळईचं संरक्षण संपतं. गंजलेली सळई फुगते, बाहेरचा थर फोडते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं की निरोगी भाग गुलाबी होतो, बाधित भाग रंगहीनच राहतो. संडास-मोरीखालचा स्लॅब आणि गच्चीवरच्या टाकीखालचे खांब इथे हे हमखास तपासून घ्यावं. नवा रंग लावलेला असेल तर जास्तच.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. अहवाल वाचताना तो कुणी, कशासाठी मागवला तेही पाहावं. पुनर्विकासाची घाई झालेल्या सोसायटीला इमारत ‘धोकादायक’ ठरलेली हवीच असते.

मग कागद. जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का? आणि सिंकिंग फंड? उपविधींप्रमाणे तो फ्लॅटच्या बांधकामखर्चावर वर्षाला किमान ०.२५ टक्का. त्या काळचा खर्च वीस हजार धरला, तर वर्षाला पन्नास रुपये. एवढ्यात आज गवंड्याचा चहासुद्धा भागत नाही. ही रक्कम सर्वसाधारण सभेला वाढवता येते. ती कधी वाढवली, हे इतिवृत्ताच्या वहीत शोधावं. वही दाखवायला सेक्रेटरी टाळाटाळ करू लागले, तर बयाणा देऊ नये.