जपानी सुरी : सवलत नको, गरज पाहा

टोकियोतील काप्पाबाशी ही स्वयंपाकघरातील साधनांची प्रसिद्ध बाजारपेठ. दरवर्षी ९ ऑक्टोबरच्या सुमारास तेथे 'दोगु मात्सुरी' भरते आणि दुकानदार सवलत देतात. पण स्वस्त मिळते म्हणून हाताने घडवलेली सुरी घेऊ नका. आधी तिचे काम ठरवा.

भाज्यांसाठी नाकिरी, मासे साफ करायला जाड देबा, रोजच्या कामाला सांतोकु. देबाला बहुधा एकाच बाजूने धार असते, म्हणून डावखुऱ्यांनी वेगळी मागावी. कार्बन पोलादाची धार उत्तम, पण ओली राहिल्यास गंजते. पातळ, कडक पाते हाडावर आपटले तर धारेचे टवके उडतात.

वापरताच धुऊन पुसायला, अधूनमधून दगडावर पाणी घालून धार लावायला सवड नसेल, तर स्टेनलेसच बरी. गंजलेली सुरी सवलतीतही महागच पडते!