जुन्या फटफटीची दुखणी

नवी वस्तू घेताना आपण तिची किंमत मोजतो. जुनी वस्तू घेताना किमतीबरोबर तिचा इतिहासही पदरात घेतो. घोडा विकत घेणारा माणूस पूर्वी त्याचे दात पाही, खूर उचलून पाही आणि त्याला चार पावले चालवून पाही. जुनी मोटारसायकल घेणाऱ्यालाही तसेच करावे लागते. मात्र येथे एक सोय आहे. प्रत्येक घोड्याची खोड निराळी असते. एकाच नमुन्यावर घडवलेल्या यंत्रांची दुखणी बहुतेक सारखीच असतात. हजारो मालकांनी ती भोगलेली असतात आणि मिस्त्रींनी त्यांवर उपायही शोधून ठेवलेले असतात. तेव्हा जुन्या यंत्रात दोष आहेत की नाहीत, हा प्रश्नच नव्हे. कोणते दोष आहेत आणि त्यांतील कोणता आधी दूर करावयाचा, हा खरा प्रश्न होय.

आपल्याकडे ‘फटफटी’ हे नाव ज्या यंत्राला विशेष शोभते, त्या बुलेटचेच उदाहरण घेऊ. हे यंत्र मूळचे इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कारखान्याचे. ते हिंदुस्थानात तयार करण्यासाठी 1955 साली मद्रास येथे कंपनी स्थापन झाली, आणि बिडाच्या सिलिंडरचा तो जुना नमुना थोड्याफार फेरफारांनिशी पुढे पन्नासाहून अधिक वर्षे तेथे तयार होत राहिला. त्याच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर आणि आकारमान 346 घन सेंटिमीटर. धाव लांब असल्यामुळे इंजिनाचे ठोके संथ पण दमदार पडतात. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे गावोगाव फिरण्याचे कष्टाचे काम या यंत्रांनी वर्षानुवर्षे केले आहे. अशी तीस-चाळीस वर्षे वापरलेली बुलेट एखाद्या तरुणाने साठवलेल्या पैशांतून घेतली, म्हणजे दुरुस्तीसाठी त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. उरलेली ती रक्कम कोठे खर्च होते, यावर पुष्कळदा त्याची सुरक्षितता अवलंबून असते.

बहुतेकांची पहिली धाव रंगाऱ्याकडे असते. टाकीवर सोनेरी रेघा उमटतात, चाकांच्या तारा चकाकू लागतात आणि ब्रेक मात्र होते तसेच राहतात. हा क्रम अगदी उलटा आहे. इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहील. ब्रेक लागला नाही तर तो कोठे जाऊन थांबेल याचा नेम नाही. जुन्या बुलेटला दोन्ही चाकांत ड्रमचे ब्रेक असतात. ड्रमच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असतात आणि त्यांवरचे लायनर ड्रमला घासून चाक थांबवतात. चाकाच्या तुंब्यातील ग्रीस झिजलेल्या सीलमधून पाझरून लायनरवर आले, की ब्रेक कितीही दाबला तरी घसरतच राहतो. ग्रीस प्यालेले लायनर पुसून कामाचे नाही. ते बदललेच पाहिजे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. आंबा घाटासारखा लांब उतार ब्रेक धरून उतरू लागले, तर ड्रम तापतो आणि तापलेल्या लायनरची पकड सुटत जाते. हा त्या यंत्राचा एकट्याचा दोष नव्हे, सर्वच ब्रेकांचा तो स्वभाव आहे. परंतु जुन्या बुलेटवर त्याचा प्रत्यय लवकर येतो. चढाला जो खालचा गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि इंजिनाला चाक रोखू द्यावे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो. आजच्या गाड्यांत हे नेमके उलट असते. नव्या गाडीवर शिकलेला माणूस संकटाच्या क्षणी सवयीने उजवा पाय दाबतो, आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो! यंत्रात काही बिघाड नसतो, तरी परिणाम बिघाडाचाच होतो. म्हणून आरंभी काही दिवस मोकळ्या मैदानात पायाला नवी सवय लावणे इष्ट.

आता या यंत्राच्या सर्वांत प्रसिद्ध दुखण्याकडे वळू. बुलेट जेथे उभी राहते तेथे तेलाचा डाग पडतो, असा लौकिकच आहे. डाग दिसला की अननुभवी मालक पाना घेतो आणि हाताला येईल तो नट आवळतो. इंजिनाच्या खालच्या भागाची कवचे अ‍ॅल्युमिनियमची व बोल्ट पोलादी. जास्त आवळले की नरम धातूतील आटे निघून येतात आणि थेंब गळत होता तेथे धार लागते. खरे कारण पुष्कळदा सांध्यात नसतेच. दट्ट्या खाली येतो तेव्हा त्याच्या खालच्या कोठडीतील हवा दाबली जाते. तिला बाहेर जाण्यासाठी एक श्वासनळी ठेवलेली असते. पुष्कळ बुलेटींत तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखे रबरी तोंड असते. ते हवा बाहेर सोडते, पण आत येऊ देत नाही. वर्षे लोटली म्हणजे ते रबर टणक होते, चिकटते किंवा मळीने बुजते. मग कोंडलेली हवा मिळेल त्या फटीतून वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. अशा वेळी दहा सांधे आवळण्यापेक्षा थोड्या खर्चात मिळणारे ते रबरी तोंड बदलणे हाच उपाय. त्यानंतरही एखादा सांधा ओला राहिला, तर त्याचे गॅस्केट बदलावे.

अशीच फसगत धुराच्या बाबतीत होते. काही महिने उभी असलेली बुलेट सुरू केली की निळसर पांढऱ्या धुराचे लोट निघतात. निळसर धूर म्हणजे तेल जळत असल्याची खूण, हे बरोबर; परंतु त्यावरून रिंगा झिजल्या, सिलिंडर गेला, असा निकाल देणे घाईचे होते. या इंजिनात तेलाची कोठी आणि दट्ट्याखालची कोठडी एकाच कवचात, पण वेगवेगळ्या असतात. एक पंप कोठीतील तेल इंजिनाच्या भागांना पुरवतो आणि दुसरा खाली साचलेले तेल पुन्हा कोठीत पाठवतो. गाडी फार दिवस उभी राहिली तर तेल झिजलेल्या पंपातून हळूहळू झिरपून दट्ट्याखाली उतरते. सुरू केल्यावर तेच थोडा वेळ जळते. मालक या सुमारास तेलकाठी पाहतो. कोठी रिकामी भासते, म्हणून तो वरून आणखी तेल ओततो. पुढे पंप आपले काम करू लागला, की तेल अतोनात होते आणि श्वासनळीतून बाहेर फेकले जाते! तेलाची पातळी पाहावयाची ती इंजिन चालवून, गरम करून आणि मग काही मिनिटे स्थिर ठेवून. थोड्या वेळाने धूर थांबला तर खर्चाचे कारण नाही. अर्धा तास चालवूनही तो थांबत नसेल, तर मात्र सिलिंडर उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

किक मारताना गाडीने पायाला उलटा तडाखा देणे हेही या यंत्राचे जुने वैगुण्य. प्लगची ठिणगी फार लवकर पडली, तर दट्ट्या वर पोचण्याआधीच स्फोट होऊन तो मागे ढकलला जातो. पॉइंटमधील अंतर बिघडलेले असते, किंवा ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी वजने गंजून अडकलेली असतात. दोन्ही कामे स्वस्त आहेत. त्याशिवाय किक मारण्याची एक रीतही आहे. चावी लावून किक सावकाश दाबीत गेल्यास अ‍ॅम्पिअरमापकाचा काटा एका बाजूला झुकतो आणि मग मध्यावर येतो. त्या वेळी दट्ट्या दाबाच्या शिखराजवळ आलेला असतो. डाव्या हाताशी असलेली दाब सोडण्याची लहान मूठ धरून त्याला किंचित पुढे ढकलावे, मूठ सोडावी, किक वर येऊ द्यावी आणि मग पूर्ण पाय मारावा. ही रीत अंगवळणी पडली, म्हणजे शेलाटा मुलगाही ते जड इंजिन सुरू करू शकतो.

गिअरचे खटके अधूनमधून हुकतात, टॅपेट टिकटिकतात, दिवा मंद होतो. ही दुखणी त्रासाची खरी, पण ती पुढच्या महिन्यावर टाकता येतात. टायरच्या कडांना भेगा पडल्या असतील तर ते काम मात्र टाकू नये.

दुरुस्ती झाल्यावर यंत्राची एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला काय केले, तेल केव्हा बदलले, किती किलोमीटर धाव झाली, हे तीत लिहावे. आणि पहिल्या काही रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी डाग डावीकडे दिसला, तर इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या पेटीवर संशय घ्यावा. उजवीकडे दिसला, तर टॅपेटचे झाकण व त्याखालचे दातेरी चाकांचे कवच पाहावे. तेल वाहत वाहत दूर जाऊन ठिबकते, म्हणून इंजिन आधी रॉकेलने पुसून कोरडे करावे, थोडे चालवावे आणि तेल प्रथम कोठे चमकते ते विजेरीच्या उजेडात शोधावे.